बोरगावची मिशीनआई

"वहाणा भाईर काढा! आईच्या दारात वहाण चालत न्हाय!"

फाटकातली बाई माझ्या बुटांकडे बोट दाखवून ओरडली. तिचं नाव मालुबाई, हे मला नंतर कळलं. तिच्यामागे तंबाखूच्या वखारीचं अंगण माणसांनी खच्चून भरलं होतं. निपाणीहून, चिकोडीहून, पार बेळगावच्या वडगावातून माणसं आली होती. खंडेनवमीचा दिवस. फाटकाला केळीचे खुंट, वर आंब्याचे डहाळे, उंबऱ्याशी कुंकू भरलेला कोहळा आणि लाऊडस्पीकरवर आरती. आत जाणारा प्रत्येक जण अनवाणी होता आणि प्रत्येकाचे पाय ओले होते, कारण दारातच पाण्याचं पिंप ठेवलं होतं आणि त्यातलं तांब्याभर पाणी पायांवर घेतल्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हते.

एवढी माणसं कशाच्या दर्शनाला आली होती? तंबाखू कातरायच्या एका मशीनच्या.

मशीन बिडाच्या लोखंडाचं, जुनं, पुरुषभर उंच. वरून पाला घालायचा, आत पातं फिरतं, खालून कातरलेली तंबाखू पडते. आज त्याला हिरवं लुगडं नेसवलं होतं आणि पाला घालायच्या तोंडाच्या वर चांदीचे डोळे चिकटवले होते. तिचं नाव मिशीनआई. हात लावला की आई अंगात शिरते, अशी तिची ख्याती, आणि ती ख्याती अगदीच खोटी नव्हती. माझ्यादेखत एका दणकट गड्यानं हात जोडले, मशीनला बोट लावलं आणि किंचाळत मागच्या माणसांवर जाऊन आदळला. लोकांनी जयजयकार केला. गडी रडत रडत पुन्हा पुन्हा दंडवत घालत होता.

"लई जागृत हाय," माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला. "पापी माणसाला मात्र काय सुदिक कळत न्हाय. परवा एक मास्तर आलता. बूट काढीना. हात लावला, तर काय बी न्हाय! तसाच गेला कोरडा."

तो मास्तर रबरी तळाचे बूट घालून आला असणार. माझेही तसलेच होते. पाय सुजलेत, बूट निघत नाहीत, अशी थाप मारून मी ते पायात ठेवले होते. मालुबाईनं माझी गणना पाप्यांत केली आणि मला भिंतीकडेला उभं केलं.

जुन्या यंत्रांची विजेची तपासणी करणं हा माझा धंदा. पूर्वी बेळगावात तंत्रनिकेतनात शिकवत होतो. आता टिळकवाडीत राहतो आणि कुणी बोलावलं की जातो. सुरुवातीची काही वर्षं अशा जागी मला राग यायचा, मी भांडायचो. आता राग येत नाही. अमुक कारखान्यात माणूस गेला असं ऐकलं की मी एवढंच विचारतो, अर्थिंग होतं का? बायको म्हणते, तुमच्या आतलं काहीतरी बधिर झालंय. तिचं खरं असेल.

त्या गड्याला जे झालं त्याला माझ्या धंद्यात शॉक लागणं म्हणतात.

मला बोलावलं होतं ब्राह्मीनं. वखारीचे मालक भुजबली आण्णा, त्यांची ही मुलगी. माझ्याकडे डिप्लोमाला होती, वर्गात फार बोलायची नाही. फोनवर ती म्हणाली, "सर, आमचं मशीन चावतंय आणि लोक त्याच्या पाया पडायला लागलेत. आण्णा माझं ऐकत नाहीत. आज जयाबाई मरेल हो, सर."

जयाबाई कोण, ते तिनं मी आल्यावर ऑफिसच्या मागे नेऊन सांगितलं. खंडेनवमीला आपल्याकडे गाड्या, नांगर, यंत्रं सगळं धुऊन पुजायची पद्धत. धुवायचं म्हणजे ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, बादल्या ओतायच्या. शिवाय या वखारीत एक जास्तीची समजूत होती, की सणाच्या दिवशी मेन स्विच बंद करायचा नाही, त्यानं बरकत तुटते. गेल्या वर्षी बायकांनी असंच मशीन धुवायला घेतलं. जयाबाईची नीलम त्यांच्यात होती. लग्न ठरलं होतं तिचं. तिचा एक हात मशीनवर होता. दुसऱ्या हातानं भिंतीजवळचा लोखंडी नळ बंद करायला ती वाकली, आणि वाकल्या जागीच कोसळली. जखम नाही, रक्त नाही. हृदय बंद पडलं असं लिहिलं गेलं आणि सगळ्यांनी ते मानलं.

दिवस घातले जायच्या आतच परशरामच्या अंगात वारं आलं. परशराम हा वखारीचा वायरमन. तो घुमायला लागला आणि बारीक आवाज काढून म्हणाला, "मी मेले न्हाय. आईनं मला मिशीनीत जागा दिली. आये, हात लाव, मी तुजा हात धरती."

जयाबाईनं जाऊन हात लावला. हाताला मुंग्या आल्या.

तेव्हापासून परशरामचे परशराम महाराज झाले. आणि जयाबाई वर्षभर मंगळवारी आणि शुक्रवारी अंघोळ करून ओलेत्यानं येते आणि मशीनवर हात ठेवते.

"आज नीलमला वर्ष झालं," ब्राह्मी म्हणाली. "महाराजांनी जाहीर केलंय, आज मायलेकीची गळाभेट. जयाबाई ओल्या लुगड्यानं मशीनला मिठी मारणार."

"मशीन कधी धुतलं?"

"आज सकाळी. अजून निथळतंय."

मी म्हटलं, आधी तुझ्या आण्णांना भेटू.

भुजबली आण्णा ऑफिसात पंख्याखाली बसले होते. अंगावर स्वच्छ पांढरं धोतर, चेहरा कित्येक रात्री झोप न झालेल्या माणसाचा.

"आमच्यात हे असलं काही नसतं बगा, सर," ते म्हणाले. "आमचा जैन धर्म निराळा. पण बायकांची श्रद्धा हाय. एनु माडोदु? काय करायचं सांगा. पोरीच्या मरणानंतर एक बाई मिशीनीला हात लावायला तयार न्हवती. परशरामच्या अंगात आलं आन् दुसऱ्या दिवशी समद्या कामावर."

"आण्णा, मशीनची अर्थिंगची तार कुठं आहे?"

"ते परशरामला ठावं."

"वीज तपासणी खात्याची नोटीस आली होती ना, ब्राह्मी सांगत होती, जुनं मशीन आहे, तपासून घ्या म्हणून?"

"ती पन परशरामलाच दिलती." त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं. "आता देव झालेल्या मिशीनीला कोन तपासतंय? आलेला मानूस नारळ घेतो आन् जातो."

म्हणजे आण्णांचा देवीवर विश्वास नव्हता, पण देवी त्यांच्या सोयीची होती. मला चीड यायला हवी होती. मी फक्त खिडकीतून मशीनकडे बघत होतो. अंगणातून आलेली जुनी काळी केबल मशीनच्या लोखंडी पायात शिरत होती आणि शिरते तिथं तिचं वरचं रबर फुटून भेगाळलं होतं. त्याच पायावरून लुगड्याचं पाणी ओघळत होतं. हिरवी तार, म्हणजे मशीनचा लोखंडी सांगाडा जमिनीशी जोडणारी अर्थिंगची तार, कुठेच दिसत नव्हती.

जयाबाई केळीच्या खुंटाजवळ बसली होती. केस ओले, लुगडं ओलं, पायाखाली पाण्याचं थारोळं. मी शेजारी टेकलो आणि म्हटलं, "आक्का, हात बघू जरा."

तिनं तळवा पुढे केला. बोटांच्या टोकांना बारीक पांढरे ठिपके होते, कडेला करपलेले.

"परसाद हाय त्यो," ती म्हणाली. "माज्या लेकीचा."

"मुंग्या कशा येतात?"

"ल्हान हुती तवा झोपताना माजं बोट धरायची. घट. तशी धरती." मग ती बोलत राहिली, माझ्याकडे न बघता. "कवा कवा जोरात धरती. कवा हलकं. पाल्यावर पानी मारलेलं असलं की लई जोरात. म्हाराज म्हंतात तिला पान्याची आवड हाय."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी तिच्या पदरातून ठिबकणारं पाणी बघत होतो आणि ओल्या अंगातून वीज किती सहज जाते याचा हिशेब डोक्यात चालला होता.

"आक्का, आज हात लावू नका. ती नीलम नाही. ती वीज आहे. तुमचा जीव जाईल."

"तुमास्नी लेक हाय, सायेब?"

"आहे. पुण्यात असते."

"फोन करता न्हवं तिला?"

"करतो."

"मग? माजा ह्योच फोन हाय."

मी उठलो.

मेन स्विच बंद करून टाकणं सोपं होतं. आजचा दिवस टळला असता. पण मंगळवारी ती पुन्हा आली असती आणि परशरामनं सांगितलं असतं की पापी माणसाच्या सावलीनं आई कोपली. म्हणून मी ब्राह्मीला विचारलं, "दिव्यांची आणि स्पीकरची लाइन वेगळी आहे ना?"

"हो सर. लायटिंगचा मीटर वेगळा आहे, मशीनचा वेगळा."

"मग तू मशीनच्या मेनपाशी उभी राहा. मी डोक्यावरची टोपी काढली की मेन खाली ओढ. दिवे, स्पीकर चालूच राहतील, कुणाला कळणार नाही."

तेवढ्यात शंख वाजला आणि परशराम महाराज आले. भगवी कफनी, गळ्यात माळा, पायात खडावा. आईच्या दारात वहाण न चालण्याचा नियम महाराजांना लागू नव्हता. आणि एक नियम फक्त त्यांच्यासाठी होता. आईला हात लावलेला असताना महाराजांना कुणी शिवायचं नाही.

त्यांनी मशीनवर हात ठेवला. इतरांना उडवून लावणारी आई त्यांना काही करत नव्हती. ते नुसते थरथरले, डोळे पांढरे केले आणि त्यांनी प्रवचन सुरू केलं.

"आई थ्री फेज हाय! एक फेज सर्गाची, एक मृत्युलोकाची, एक पाताळाची! आन् न्यूट्रल कोन? न्यूट्रल म्हंजे भगत! फेजला न्यूट्रल भेटला की उजेड पडतो. त्यासाटी वहाण काडा, अंग भिजवा, अहंकाराचं इन्सुलेशन काडून टाका! ज्याचं इन्सुलेशन निगालं त्यालाच आई भेटती!"

लोक हात जोडून ऐकत होते. मी वायरिंगवरची इतकी अचूक व्याख्यानं तंत्रनिकेतनातही फार ऐकली नाहीत. इन्सुलेशन काढलं की आई भेटते, यात एक शब्द खोटा नव्हता.

मी पुढे झालो. पिशवीतून झिरोचा बल्ब काढला, त्याच्या होल्डरला दोन तारा जोडलेल्या होत्या. "महाराज, एक छोटी तपासणी करतो," असं म्हणून मी एक तार लोखंडी नळाला बांधली आणि बल्ब मशीनच्या कठड्यावर ठेवून दुसरी तार मशीनच्या अंगाला चिकटवली. बल्ब पेटला. मंद, पिवळा, पण पेटला.

"बघा," मी म्हणालो. "मशीन बंद आहे, तरी त्याच्या अंगावर वीज आहे. बल्ब पेटवणारी आई नव्हे, ती वीजच..."

माझं वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नाही.

"ज्योत! ज्योत पेटली!" मालुबाई ओरडली. "आईनं ज्योत पेटीवली!"

अंगणात एकच गलका उडाला. माणसं पाया पडायला झेपावली. परशराम हा कसलेला गडी. त्यानं वेळ दवडला नाही. दोन्ही हात वर करून तो म्हणाला, "बगा! नास्तिकाच्या हातनं आईनं दिवा लावून घेतला! त्याच्या पापी हातातनं! नीलमच्या वरसाच्या दिवशी आईनं ज्योत दिली!"

कुणीतरी माझ्याही गळ्यात हार घातला. बल्बवर झेंडूचे हार पडायला लागले. एक, दोन, दहा. बल्ब फुलांखाली गाडला गेला. पुराव्यानं लोकांचं डोकं ताळ्यावर येतं असं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं होतं. इथे माझा पुरावा उचलून देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

आणि जयाबाई चालत यायला लागली. गर्दीनं तिला वाट करून दिली. ओले केस, निथळणारं लुगडं, दोन्ही हात पुढे पसरलेले. तिच्या तोंडावर हसू होतं. लग्नघरात शिरणाऱ्या बाईच्या तोंडावर असतं तसं.

मी टोपी काढली.

ब्राह्मी लांब मेनपाशी उभी होती. तिचा हात खाली गेल्याचं मी पाहिलं. स्पीकरवर आरती चालूच होती, वरचे दिवे चालूच होते. कुणाला काही कळलं नाही. परशरामलाही नाही, कारण बल्ब फुलांखाली होता.

जयाबाईनं मशीनला मिठी मारली. गाल लोखंडाला लावला. परशरामनं मशीनवर हात ठेवला, थरथरला, आणि तो बारीक आवाज काढला.

"आये... मी आले गं, आये... बग, किती घट धरलंय तुला..."

बायका रडायला लागल्या. जयाबाई तशीच उभी होती, डोळे मिटून. मग तिनं हात उचलला आणि दुसऱ्या जागी ठेवला. पुन्हा उचलला. पालथा करून लावला. मग डोळे उघडून ती हळूच म्हणाली, "म्हाराज, ती न्हाय आली."

"आलीया, आये! तुज्या गळ्यात पडलीया!" बारीक आवाज म्हणाला.

"न्हाय. मुंग्या न्हाईत. वरीसभर येती की मी. मला ठावं हाय ती कशी धरती." तिचा आवाज चढला. "म्हाराज, ती न्हाय हितं! तुमी कुनाच्या आवाजात बोलायलासा?"

आरती कुणीतरी बंद केली. मी पुढे जाऊन बल्बवरचे हार उचलले. बल्ब विझलेला होता.

"ब्राह्मीनं मेन बंद केलाय," मी म्हणालो. "मिठी मारायच्या आधीच. वीज गेली, ज्योत गेली, मुंग्या गेल्या. नीलमही गेली का? पण महाराजांच्या अंगात तर ती अजून बोलत होती."

सगळ्यांत आधी परशरामच सावरला. "नास्तिकानं आईचा परवाह तोडला! आई कोपंल! म्हामारी यील!"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "प्रवाह परत सुरू करू. ब्राह्मी मेन चालू करेल. फक्त महाराजांनी खडावा उतरवायच्या, पिंपातलं तांब्याभर पाणी पायावर घ्यायचं आणि सगळे भक्त लावतात तसा आईला हात लावायचा. एका हातानं आई, दुसऱ्या हातानं हा नळ."

"म्हाराजांनी वहाण काडायची नस्ती," कुणीतरी म्हणालं.

"का?" हे मी नाही विचारलं. जयाबाईनं विचारलं. "आमी काडतो की. माजी लेक अनवानी हुती. काडा, म्हाराज."

"आये, तुला कळत न्हाय..."

"काडा!"

मालुबाई खाली वाकली. महाराजांना न शिवायचा नियम त्या क्षणी ती विसरली असावी. तिनं सरळ त्याच्या पायातली एक खडाव ओढली आणि उलटी केली. लाकडाच्या तळाला सायकलच्या टायरचं जाड रबर चिकटवलेलं होतं, कडेनं नीट कापून.

"ह्ये कशाला ओ, म्हाराज?" तिनं विचारलं.

मी ब्राह्मीकडे वळून मोठ्यानं म्हणालो, "ब्राह्मी, मेन चालू कर." ती काही चालू करणार नव्हती. पण परशरामला ते ठाऊक नव्हतं. त्याचा एक पाय ओल्या फरशीवर अनवाणी होता आणि हात मशीनवर. त्यानं हात असा झटकून मागे घेतला की गळ्यातल्या माळा तुटून मणी पाण्यात सांडले.

"नगं! सायेब, नगं! मरीन की मी!"

तो आवाज ना आईचा होता ना नीलमचा. परशराम वायरमनचा होता.

जयाबाईनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं.

"तू मरशील," ती म्हणाली. "म्हंजे तुला ठावं हुतं."

पुढची अर्धी गोष्ट परशरामनं स्वतः सांगितली, फरशीवर बसून, आणि उरलेली मी अंगणात सगळ्यांना दाखवली. ती इथे साध्या शब्दांत लिहितो, कारण यात चमत्कार कुठेच नाही.

मशीनची केबल फार जुनी झालेली. तिचं रबर फुटलं, भेगांत पाणी शिरलं की वीज मशीनच्या लोखंडी अंगात गळायला लागायची. अशी गळणारी वीज बिनधोक जमिनीत जावी म्हणून अर्थिंगची तार असते. आणि वीज गळतेय हे ओळखून पुरवठा तोडणारा एक ब्रेकर असतो. नोटीस आल्यावर आण्णांनी तो बसवूनही घेतला होता. पण तंबाखू कातरताना पाल्याचा भुगा होऊ नये म्हणून त्यावर पाणी मारावं लागतं. पाणी मारलं की वीज गळायची, ब्रेकर पडायचा, काम थांबायचं आणि आण्णा ओरडायचे. परशरामनं अर्थिंगची तार तोडली. ब्रेकर पडायचा कमी झाला. तरी अधूनमधून पडायचाच, ओल्या हातानं कुणी मशीनला नीट धरलं की. म्हणजे दर वेळी तो ब्रेकर कुणाला तरी वाचवत होता. परशरामला तो कटकट वाटला. त्यानं ब्रेकर काढून वायर थेट जोडली. त्यानंतर काम एकदाही थांबलं नाही.

खंडेनवमीला मशीन बादल्यांनी धुतलं गेलं आणि मेन चालू होता. नीलमचा एक हात मशीनला होता आणि दुसरा जमिनीत गेलेल्या नळाला. वीज एका हातातून शिरली आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडली, मधे छाती होती. बाकीच्यांना नुसता झटका बसायचा, कारण ते बोटभर शिवायचे आणि मागे उडायचे. परशरामला खडावांचं रबर वाचवायचं, पण कुणी ओल्या अंगानं त्याला शिवलं असतं तर वीज त्याच्यातूनही गेली असती, म्हणून तो न शिवायचा नियम. अंगणाच्या कोपऱ्यात, तुळशीमागे अर्थिंगचा खड्डा होता. त्यात तोडलेल्या तारेचं टोक होतं, नीट टेप गुंडाळलेलं. परशराम कामाचा स्वच्छ होता.

"आण्णा, तुमाला ठावं हुतं?" मालुबाईनं विचारलं.

आण्णा दारात उभे होते. "तार काडली ते ठावं न्हवतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "इच्यारलं बी न्हवतं."

परशरामवर आणि आण्णांवर, दोघांवरही गुन्हा दाखल झाला. तक्रारीवर ब्राह्मीनं सही केली. त्या रात्री ती घरी जेवली नाही, आणि तिला कुणी बोलावलंही नाही.

पण ते नंतर. त्या दुपारी लोक पांगले, कोहळा न फोडताच. मशीनचं लुगडं कुणी काढलं नाही, ते तसंच निथळत राहिलं. मी तारा गुंडाळत होतो. जयाबाई कोरड्या गोणपाटावर बसली होती आणि स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

"सायेब, एक खरं सांगा. त्या मुंग्या म्हंजे माजी लेक न्हवती?"

"नव्हती, आक्का."

"तिला बी मरताना असंच झालं असंल? मुंग्या?"

खोटं बोलता आलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं.

"हो," मी म्हणालो. "याच विजेनं. यापेक्षा पुष्कळ जास्त."

तिनं बोटं गोणपाटावर पुसली. मग म्हणाली, "म्हंजे वरीसभर मी अंघूळ करून यायची, आन् ज्येनं माजी लेक मारली त्येच्यावर हात फिरवून जायची."

मला वाटतं त्या क्षणी मला काहीतरी वाटलं. फार दिवसांनी. छातीत दुखल्यासारखं, पण दुखणं नाही. मी तारा गुंडाळायचं थांबवलं.

"तुमी गेल्या वरसाला का न्हाय आलासा?" तिनं विचारलं. चिडून नाही, बाजाराला का नाही आलासा असं विचारावं तसं.

"मला कुणी बोलावलं नव्हतं, आक्का."

"व्हय," ती म्हणाली. "कुनीच न्हाय बोलीवलं."

जयाबाई आता दुसऱ्या वखारीत कामाला जाते. पहिल्या दिवशी ती दारातच उभी राहिली आणि मालकाला म्हणाली, मिशीनीची तार जमिनीत कुठं जाती ती दावा, मग आत येती. मालक हसला. तिच्या मागच्या बायकाही आत गेल्या नाहीत. दुपारपर्यंत वायरमन आला, तार जोडली गेली, ब्रेकर बसला. त्या दिवसापासून बोरगावच्या बायका कुठल्याही नव्या कामावर जाताना हाच प्रश्न विचारतात, असं ब्राह्मी सांगते.

तुम्हीही विचारा. तुमच्या कारखान्यात, गिरणीत, छापखान्यात, घरातल्या मागावर कातरणारं, कापणारं, फिरणारं जे काही जुनं यंत्र असेल, त्याची तार कुठं जाते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खंडेनवमीला पूजा करा, हार घाला, हवं तेवढं कुंकू लावा. पण मेन बंद करा, आणि पाणी ओतू नका. ब्रेकर सारखा पडत असेल तर त्याला शिव्या देऊ नका, तो का पडतोय ते शोधा. आणि लोखंडाला हात लावून मुंग्या आल्या तर हात जोडू नका. हात काढा, मेन पाडा, आणि कुणालातरी बोलवा. आजच बोलवा.